शॅम्पेन ब्रंचला जाताना पोट नाही, घड्याळ सांभाळा

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलांनी ताई आणि त्यांच्या यजमानांसाठी एका मोठ्या हॉटेलातल्या रविवारच्या शॅम्पेन ब्रंचचं, म्हणजे न्याहारी आणि जेवण एकत्र करून शॅम्पेनबरोबर घ्यायच्या बुफेचं, टेबल राखून ठेवलंय. चौघं जाणार आहेत. ताई विचारतात: एवढं सगळं मांडलेलं असताना सुरुवात कुठून करायची? ओततात ती खरंच शॅम्पेन असते का? यजमानांचं म्हणणं, आदल्या रात्रीपासून काही खायचं नाही, म्हणजे पैसे वसूल होतात; हे बरोबर आहे का? आणि ताईंना स्वतःला दारूची सवय नाही, एका ग्लासातच डोकं जड होतं, मग त्यांनी काय करायचं?

मी हॉटेलांच्या रेस्टॉरंटमध्ये २६ वर्षं काढली. पहिली दोन चमचे पुसण्यात आणि बर्फ वाहण्यात, शेवटची नऊ रविवारच्या ब्रंचची जबाबदारी अंगावर घेऊन. त्यामुळे उत्तर लांबणार, तेवढं सोसून घ्या.

यजमानांचा मुद्दा आधी निकालात काढतो. उपाशी जाऊ नका. रिकाम्या पोटी दारू झपाट्याने रक्तात उतरते, आणि शॅम्पेनमधले बुडबुडे त्या कामाला बहुधा हातभारच लावतात. दुसरं असं की कडकडून भूक लागलेला माणूस दारातून शिरला की पहिल्याच टेबलापाशी थांबतो. पहिल्या टेबलावर असतो ब्रेड. दोन क्रोसाँ, एक बन, लोणी, जॅम, वर वाटीभर सूप. वीस-पंचवीस मिनिटांनी पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचते आणि खेळ संपतो. साडेअकराला सगळ्यांत उत्साहाने आलेलं टेबल सव्वाबाराला खुर्चीत मागे रेलून बसलेलं मी किती वेळा पाहिलंय, त्याला गणती नाही. सकाळी उठल्यावर थोडं फळ, एखादा टोस्ट आणि भरपूर पाणी घ्या, मग निघा.

आणि वसुलीचं म्हणाल, तर ती लढाई तुम्ही जिंकू शकत नाही. कोणी भरपूर खातो, कोणी चार घास खाऊन गप्पा मारत बसतो. दोनशे पाहुण्यांची सरासरी आमच्या वहीत आधीच मांडलेली असते. एका माणसाने चार डझन ऑयस्टर (कालवं) संपवले तर शेफ कुरकुरतो, पण हॉटेल बुडत नाही. तुमच्या हातात वेगळी गोष्ट आहे: तोच पदार्थ शेजारच्या टेबलाने शिळावलेला खाल्ला आणि तुम्ही आत्ता कढईतून उतरलेला खाल्लात, दाम मात्र दोघांनी सारखाच मोजला. वसुली करायचीच असेल तर ही करा.

बुफे लांबून चित्रासारखा स्थिर दिसतो. आत काम करणाऱ्याला तो तसा कधीच दिसत नाही. त्याला दिसतं ते असं: हा ट्रे सहा मिनिटांपूर्वीचा, तो पंचवीस मिनिटांचा, तो पलीकडचा आता उचलायलाच हवा. प्रत्येक पदार्थाची आपापली चांगली मिनिटं असतात. कशाची पाच, कशाची तीस, कशाची दोन तास. ही मिनिटं ओळखता आली की अर्धं काम झालं.

उदाहरण म्हणून चेफिंग डिशमधली स्क्रॅम्बल्ड अंडी घ्या. म्हणजे ते आयताकृती चकचकीत भांडं, खाली गरम पाणी, त्याखाली जळणारी छोटी डबी. ट्रे नवा येतो तेव्हा अंडी ओलसर, मऊ, एकमेकांवर सैल पडलेली असतात, त्यांच्यावर हलकीशी चमक असते. दहा मिनिटांनी कडेला पाणी सुटायला लागतं. वीस मिनिटांनी कोपऱ्यातला भाग रबरासारखा घट्ट होतो, झाकणाच्या आतल्या बाजूला साठलेले थेंब उघडताना परत अंड्यावर टपकतात. आणखी वेळ गेला की हिरवट छटा येते. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक उष्णतेने एकत्र येतं, त्याचा तो रंग. आरोग्याला धोका नसतो त्यात, पण चव गेलेली असते. म्हणून झाकण उघडल्यावर आधी मध्यभाग बघू नका, कोपरे बघा. कोपरे सुके असतील तर झाकण हळूच बंद करा आणि जवळच्या स्ट्युअर्डला, म्हणजे वाढप्याला, विचारा, ‘नवा ट्रे कधी येतोय?’ हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. आम्हाला मात्र तो आवडतो, कारण किचनला ओरडून ट्रे मागवायला आम्हाला एक निमित्त मिळतं.

सॉसवर साय धरली असेल, पास्ता एकमेकांना चिकटून लादीसारखा झाला असेल, तळलेल्या वस्तूंखालचा कागद तेलाने पारदर्शक झाला असेल, तर हेच करायचं. भांडं जवळजवळ रिकामं दिसलं तर खट्टू होऊ नका. ती चांगली खूण आहे. दोन मिनिटं आसपास रेंगाळा, नवं येतंच. खरी चांगली किचन्स मोठे ट्रे भरून ठेवतच नाहीत, अर्धेच भरतात आणि सारखे बदलतात. बुफे डोंगरासारखा रचलेला दिसला की मला उलट शंका येते.

आता जायच्या आधीचं थोडं. टेबल राखून ठेवलंय म्हणता, तरी एक फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. पहिली, ओतणार ती बाटली कोणती? नाव सांगा म्हणावं. दुसरी, ओतणं किती वाजता बंद होतं? बऱ्याच ठिकाणी जेवण आणि पेय यांच्या वेळा वेगळ्या असतात. खाणं तीनपर्यंत चालू, पण शॅम्पेन अडीचला बंद. तिसरी, अंडी टेबलावर मागवता येतात का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर ते हॉटेल ब्रंच गांभीर्याने करतं, असं मी धरून चालतो. जाता जाता कर आणि सेवाशुल्क किमतीत धरलंय का हेही विचारून घ्या, आणि कोणाला शेंगदाणे, कोळंबी वगैरेंची ॲलर्जी असेल तर तेव्हाच सांगा, तिथे पोचल्यावर नाही.

पहिली बैठक घ्या. दार उघडताच दहा मिनिटांच्या आत पोचा. बाराच्या पुढे लाइव्ह काउंटरवर, म्हणजे समोर करून देतात त्या टेबलांवर, रांगा लागतात, आणि रांग लागली की सगळ्यात चांगला स्वयंपाकीसुद्धा उरकायला लागतो. टेबल बुफेला खेटून नको, सतत माणसं खांद्याला घासून जातात. किचनच्या दाराजवळही नको. खिडकी मिळाली तर उत्तम. नाहीच मिळाली तरी भिंतीला पाठ असलेली जागा मागा, कारण तुम्ही तिथे तीन तास बसणार आहात.

पोचल्यावर ताट हातात न घेता एक फेरी मारा. पूर्ण फेरी, शेवटच्या टोकापर्यंत. बुफेची मांडणी उगाच केलेली नसते. स्वस्त आणि पोट भरणाऱ्या गोष्टी येण्याच्या वाटेवर: ब्रेड, सॅलड, बटाटे, पास्ता. महागाचे पदार्थ लांब, कोपऱ्यात, आणि त्यांच्यामागे सुरी घेतलेला माणूस उभा. तो नुसता शोभेला नसतो. किती जाडीचा काप द्यायचा हे त्याला ठरवून दिलेलं असतं. मीही दिलंय ठरवून. पातळ काप ताटात पसरून ठेवला की भरपूर दिसतो, ही साधी युक्ती. तुम्हाला आवडलं तर पुन्हा मागा. पुन्हा मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हेही त्याला सांगितलेलं असतं.

आणखी एक गोष्ट. माणूस एकाच चवीला लवकर कंटाळतो, पण चव बदलली की पोट भरलेलं असतानाही जागा होते. बुफेचं सगळं गणित या स्वभावावर उभं आहे. म्हणून प्रत्येक गोष्ट चाखायची ठरवलंत तर गरजेपेक्षा दुप्पट खाल. पहिल्या फेरीत मनातल्या मनात सात-आठ पदार्थ निवडा, बाकीचे सोडून द्या. चौघं आहात, म्हणजे चौघांनी वेगवेगळं आणून एकमेकांच्या ताटातून एकेक घास घेता येईल. माझ्या मते मोठ्या बुफेचा आनंद घ्यायची सर्वांत शहाणी पद्धत हीच.

पहिलं ताट थंड पदार्थांचं. ऑयस्टर, उकडून गार केलेली कोळंबी, खेकडा किंवा लॉबस्टर, धुरावलेला सामन मासा. तोंड ताजं असताना हे नाजूक पदार्थ घ्यायचे; मांसाचा रस्सा खाल्ल्यावर ऑयस्टर खाणं म्हणजे ढोलाच्या आवाजात सतार ऐकणं. ऑयस्टर घेताना शिंपल्यात बघा. आत पारदर्शक पाणी हवं, मांस फुगीर आणि ओलं हवं, वास स्वच्छ समुद्राचा हवा. पाणी आटलेलं आणि कडा वाळलेल्या दिसल्या तर ते बऱ्याच वेळापूर्वी उघडलेले आहेत. उघडणारा माणूस तिथेच उभा असेल तर त्याला म्हणा, ‘समोर उघडून द्याल का?’ देतो, आनंदाने देतो. दिवसभर तेच तेच करणाऱ्याला कोणी हाताचं काम बघत थांबलं की बरं वाटतं. वर लिंबाचे दोन थेंब, बस. तिखट सॉसची वाटी बाजूलाच राहू द्या. मात्र गरोदर बाई, यकृताचा विकार असलेला किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला माणूस यांनी कच्चे ऑयस्टर खाऊच नयेत, तिथे चवीचा प्रश्नच येत नाही.

कॅव्हिआरची पाटी दिसली तर जरा निरखून बघा. कॅव्हिआर म्हणजे स्टर्जन माशाची अंडी. बुफेवर बऱ्याचदा दुसऱ्याच माशाची, काळी किंवा केशरी अंडी असतात. त्यांनाही चव असते, वाईट काही नाही, फक्त नावाला भुलू नका. खरं कॅव्हिआर असेल तर सोबत शिंपल्याचा किंवा हाडाचा चमचा ठेवलेला दिसेल. धातूच्या चमच्याने चव बिघडते असं जुने लोक मानतात.

या थंड ताटाबरोबर पहिला ग्लास. आता बाटलीकडे वळतो, कारण ताईंच्या प्रश्नात खरी उत्सुकता तिचीच आहे.

शॅम्पेन म्हणजे फ्रान्सच्या ईशान्येला शांपाञ नावाचा प्रदेश आहे, रँस आणि एपर्ने ही तिथली गावं, त्या प्रदेशातल्या द्राक्षांची आणि ठरलेल्या पद्धतीने केलेली वाईन. मुख्य द्राक्षं तीन: शार्दने, पिनो नुआर आणि मोनिए. वाईन बाटलीत भरून त्यात पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालतात, मग तोंड बंद. आतल्या आत दुसऱ्यांदा आंबवण होतं आणि वायूला बाहेर जायला वाट नसल्यामुळे तो वाईनमध्येच विरघळतो. साधी शॅम्पेनसुद्धा बाटलीत किमान १५ महिने मुरवावी लागते, एकाच सालच्या द्राक्षांची असेल तर तीन वर्षं. टोस्टसारखा, बदामासारखा जो वास येतो तो या मुरण्याचा, मेलेल्या यीस्टबरोबर पडून राहण्याचा.

दुसरीकडे कुठे केलेली बुडबुड्यांची वाईन शॅम्पेन होत नाही. इटलीची प्रोसेको ग्लेरा नावाच्या द्राक्षाची, आणि तिचे बुडबुडे बहुधा मोठ्या टाकीत तयार होतात. हलकी, फळांच्या वासाची. स्पेनची काव्हा आणि फ्रान्सच्या इतर भागांतली क्रेमाँ या दोन्ही बाटलीतच आंबवलेल्या. यातली एकही टाकाऊ नाही. चांगली क्रेमाँ सुमार शॅम्पेनपेक्षा मला केव्हाही चालेल. पण शॅम्पेनचे पैसे घेऊन प्रोसेको ओतणं ही लबाडी आहे. तेव्हा जाहिरातीतला शब्द वाचा. ‘स्पार्कलिंग’ लिहिलं असेल तर ती शॅम्पेन नाही, असं समजून चाला. ‘शॅम्पेन ब्रंच’ लिहूनही काही ठिकाणी पहिला ग्लास तेवढा शॅम्पेनचा आणि पुढचे सगळे दुसऱ्या कशाचे असतात. वाढप्याला बाटली दाखवायला सांगा. लेबल समोर धरून ओतणं हा आमच्या कामाचा भागच आहे. फडक्यात गुंडाळून लेबल झाकून ओतत असेल तर विचाराच.

लेबलवरचा एक शब्द लोकांना हमखास फसवतो. ‘ब्रूट’ म्हणजे कोरडी, लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ वाचून वाटतं ही त्याहून कोरडी, पण ती उलट गोड असते, १२ ते १७ ग्रॅम. ‘सेक’ त्याहून गोड, आणि ‘डेमी-सेक’ ३२ ते ५० ग्रॅमची. ब्रंचला बहुतेक ठिकाणी ब्रूटच असते. खारट, तळलेलं, लोणी-साय असलेलं जे काही असेल त्याच्याशी ती सुरेख जमते. आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचा तुपट थर धुऊन काढतात. म्हणूनच अंडी आणि शॅम्पेन ही जोडी टिकली. व्हिनेगरच्या सॅलडबरोबर मात्र ती भांडते. आणि गोड केकबरोबर ब्रूट प्यायलात तर शॅम्पेन लिंबाच्या पाण्यासारखी आंबट लागेल, मग म्हणाल एवढं नाव ऐकलं होतं ते याचंच का.

मिमोसा, म्हणजे संत्र्याचा रस घातलेली, मला वैयक्तिकरीत्या पटत नाही. चांगल्या बाटलीत रस ओतणं म्हणजे बाटलीचे पैसे रसात बुडवणं. पण ताई, तुमच्यासाठी तिचा वेगळा उपयोग आहे, तो पुढे सांगतो.

ग्लास बघा. उंच, निमुळता असेल तर बुडबुडे छान दिसतात पण वास कोंडतो. पसरट, बशीसारखा असेल तर वायू भराभर उडून जातो. मधे थोडा फुगीर आणि तोंडाशी आवळलेला ग्लास सर्वांत बरा, आणि तो नसेल तर पांढऱ्या वाईनचा साधा ग्लास मागा. वाढपी ग्लास तिरका धरून ओतत असेल तर तो काम जाणतो. रँसच्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मोजून दाखवलं की कडेवरून अलगद ओतल्याने वायू जास्त टिकतो. जुने बिअरवाले हे न मोजताच करत आले होते. गारवा ८ ते १० अंशांचा हवा. बर्फात तासभर बुडवून ठेवलेली बाटली इतकी गार होते की चव कळतच नाही. तसं झालं तर ग्लास दोन मिनिटं हातात धरून बसा.

बूच उडवून आवाज करणं सिनेमात शोभतं. मी नवा होतो तेव्हा एका रविवारी तारेची जाळी सोडली आणि बुचावरचा अंगठा काढून वळून बघितलं, कोणीतरी हाक मारली होती. बूच उडालं ते समोरच्या मिष्टान्नांच्या टेबलावर, तीन मजली केकच्या मधल्या मजल्यात. बाटलीच्या आत ५ ते ६ वातावरणांइतका दाब असतो, मोटारीच्या टायरपेक्षा दुपटीहून जास्त. कोणाच्या डोळ्याला लागलं असतं तर? तेव्हापासून अंगठा हलवला नाही. तारेचे सहा अर्धे वेढे सोडायचे, बूच घट्ट धरायचं, आणि बूच नाही तर बाटली फिरवायची. उसासा टाकल्यासारखा बारीक आवाज आला की जमलं.

आता किती प्यायची. बाटली ७५० मिलिलिटरची, ग्लास १२५ चा, म्हणजे बाटलीत सहा ग्लास. १२ टक्क्यांच्या हिशोबाने एका ग्लासात साधारण १२ ग्रॅम अल्कोहोल येतं, आणि ते पचवायला शरीराला तास-दीड तास लागतो. तीन तासांच्या ब्रंचमध्ये दोन, फार तर तीन ग्लास, एवढीच त्याची खरी जागा. पण हे मोजता येत नाही, कारण आम्ही मोजू देत नाही. अर्धा ग्लास झाला की वाढपी येऊन भरून जातो. आमच्या भाषेत टॉप-अप. ही सेवाही आहे आणि तोटाही, कारण आपण किती घेतली हे तुम्हाला कधीच कळत नाही. साधा उपाय: पहिल्याच वेळी त्याला सांगा, ‘ग्लास रिकामा झाल्याशिवाय भरू नका, आम्हीच सांगू.’ बरोबर पाण्याचा ग्लास ठेवा आणि तो मात्र सतत भरत राहू द्या.

ताई, तुमच्यासाठी. एकच ग्लास घ्या, तोही दुसऱ्या ताटाबरोबर, पोटात काही गेल्यावर. अर्धाच ओता म्हणायला काहीही हरकत नाही. पुढे हातात काहीतरी हवं असं वाटलं तर मिमोसा तीन भाग रस आणि एक भाग शॅम्पेन अशी करून मागा. एरवी मी नाकं मुरडतो, पण इथे ती कामाची आहे. नाही तर सरळ बिनदारूचा दर आहे का ते विचारा. बहुतेक हॉटेलांत असतो आणि तो बराच कमी असतो, फक्त आपणहून कोणी सांगत नाही. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरी जाताना गाडी चौघांपैकी न पिणाऱ्याने चालवायची किंवा भाड्याची मागवायची. एकच घेतली होती, हे वाक्य मी पार्किंगच्या दारात फार ऐकलंय.

दुसरं ताट अंड्यांचं, आणि इथे घाई करू नका. एग्ज बेनेडिक्ट मागवा, म्हणजे भाजलेल्या पावावर पोच केलेलं अंडं (फोडून गरम पाण्यात शिजवलेलं) आणि वर सॉस. बुफेवर तयार मांडलेलं असेल तर सोडून द्या. का ते सांगतो. त्यावरचं हॉलंडेज म्हणजे अंड्याचा बलक आणि वितळलेलं लोणी यांची कशीबशी जुळवलेली दोस्ती. ६० ते ६५ अंशांच्या आसपास ठेवलं तर टिकते. त्याहून तापलं तर बलक गुठळ्या होऊन लोणी सुटतं, निवलं तर लोणी थिजतं. एका रविवारी आमचं मोठं पातेलं भर गर्दीत फाटलं, बाहेर दीडशे माणसं. शेफने एक शब्द न बोलता नव्या भांड्यात चमचाभर गरम पाणी आणि एक बलक घेतला आणि फाटलेला सॉस थेंब थेंब त्यात घालत परत जुळवला. सात-आठ मिनिटं गेली. तेवढ्या वेळात मी टेबलांवर जाऊन खोटं हसत होतो. त्यानंतर आम्ही मोठं पातेलं कधी केलं नाही. लहान लहान घाणे काढायचे आणि दोन तासांच्या वर एकही ठेवायचा नाही.

पोच केलेली अंडीसुद्धा गर्दीच्या दिवशी आधीच करून बर्फाच्या पाण्यात ठेवतात आणि मागणी आली की गरम पाण्यात मिनिटभर बुडवतात. यात फसवणूक नाही, सगळीकडे हेच चालतं. नीट केलं तर पांढरं घट्ट आणि सुरी लावताच बलक वाहतो. बलक घट्ट असेल तर परत पाठवा. ऑम्लेट काउंटरवर रांग नसेल तेव्हा जा, तिथल्या माणसाला ‘आतून ओलसर ठेवा’ एवढं सांगा आणि भरण दोन जिन्नसांपलीकडे जाऊ देऊ नका. सहा भाज्या घातलेलं ऑम्लेट उलटतच नाही, मग तो ते भाजून काढतो.

तिसरं ताट कार्व्हिंग स्टेशनचं, म्हणजे तो सुरीवाला मांस कापून देतो तिथलं. भाजलेला मोठा मांसाचा तुकडा नवा आला की त्याचे पहिले काप टोकाचे, जास्त भाजलेले असतात. मधला भाग गुलाबी. तुम्हाला कोणता हवा ते सांगा. दिव्याखाली तो हळूहळू आणखी शिजत राहतो, त्यामुळे शेवटचा तासभर राहिलेला काप कोरडा निघतो. नवा तुकडा कधी निघतोय हे विचारून त्या वेळेला जाणं उत्तम. मांस खात नसाल तर इथे वेळ घालवू नका. भाज्यांचे चांगले पदार्थ बहुधा लाइव्ह काउंटरवर सापडतात, चेफिंग डिशमध्ये क्वचितच.

सॅलडबद्दल सांगण्यासारखं काही नाही. घरीही मिळतं.

स्वच्छतेचं मात्र सांगायलाच हवं. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड ५ च्या खाली राहिले पाहिजेत. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. झाकण उघडल्यावर वाफ आली पाहिजे. कोळंबी बर्फात रुतलेली हवी, वितळलेल्या पाण्यात तरंगणारी नको. शेवटच्या तासात मी स्वतः अंड्याच्या मेयोनीजचे पदार्थ, सुशी आणि क्रीमचे केक घेत नाही. प्रत्येक फेरीला नवं ताट घ्या, वापरलेलं टेबलावरच सोडा; लोक काटकसर म्हणून जुनं ताट घेऊन येतात आणि त्यांच्या ताटाला लागलेला वाढायचा चमचा परत भांड्यात जातो. यात शिष्टाचार कमी आणि आरोग्य जास्त आहे. बाकी शिष्टाचाराची काळजी करू नका. रांगेत मधून घुसायचं नाही, पिशवीत भरून न्यायचं नाही, एवढं पुरे. कितव्यांदा उठलात हे कोणी मोजत नाही.

दोन ताटांमध्ये वीस मिनिटं जाऊ द्या. बोला. ब्रंच हा शब्द छापील स्वरूपात आणणाऱ्या गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ साली हेच मागितलं होतं: रविवारी सकाळी लवकर उठून जड जेवायच्या ऐवजी उशिरा, गप्पा मारत खावं. चहा-कॉफीऐवजी बिअर किंवा व्हिस्कीही चालेल, अशी पुस्तीही त्याने जोडली होती. शॅम्पेन नंतर आली. आमच्याकडे एक वयस्क गृहस्थ यायचे, एकटेच, दर महिन्याला एकदा. तीन तासांत चार लहान ताटं, दोन ग्लास, मधे वर्तमानपत्र. नवीन ट्रे किचनच्या दारातून बाहेर पडला की मान वर न करता त्यांना कळायचं. आमच्यातले नवे स्ट्युअर्ड गंमत म्हणून पैज लावायचे आणि हरायचे.

गोडाकडे शेवटी जा, पण बुफे बंद होण्याच्या अर्धा तास आधी, कारण चांगल्या गोष्टी आधी संपतात आणि उशिरा त्या परत भरत नाहीत. फळांचा टार्ट, आंबटसर काही, किंवा चीजचा तुकडा घ्या. ब्रूट संपली नसेल तर कोम्ते किंवा पार्मेझानसारखं कडक, जुनं चीज तिच्याबरोबर केकपेक्षा शंभर पटीने बरं लागतं. चीज फ्रीजमधून नुकतं काढलेलं, घामेजलेलं असेल तर ताटात दहा मिनिटं राहू द्या. पंचविसावा वाढदिवस आहे हे फोनवर सांगितलं असेल तर किचनमधून एक ताट वेगळं येईल, चॉकलेटने काहीतरी लिहिलेलं. ते खायलाच हवं असं नाही, पण करणारा पोरगा दाराच्या फटीतून बघत असतो, तेव्हा त्याच्याकडे बघून मान हलवा. आणि कॉफी कोपऱ्यातल्या मशीनची घेऊ नका, टेबलावर मागवा.